बार्न म्हणजे गोठा का? देशोदेशींच्या शेतीशब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत सबटायटल्स आणि डबिंगची भाषांतरं करते. गेली काही वर्षं माझ्या वाट्याला शेतीच जास्त येते: परदेशी माहितीपट, ट्रॅक्टरच्या पुस्तिका, मध्येच एखाद्या डेअरी फार्मवर नोकरीला निघालेल्या पोराचा करारनामा. गाव संगमेश्वर तालुक्यातलं, जन्म लालबागच्या चाळीतला. त्यामुळे अर्धे शब्द आत्याकडून आले आणि अर्धे चुका करून. ऑफिसातली नवी मुलं, नातेवाईक, नातेवाइकांचे मित्र जे विचारतात, ते एकदाचं लिहून ठेवते आहे.

बार्न म्हणजे गोठा ना?

माझ्या पहिल्याच कामात मी 'कोठार' लिहिलं होतं. पुढच्या दृश्यात त्या कोठारातून एक गाय बाहेर आली, पाठोपाठ दुसरी. डबिंगच्या काचेमागे सगळे हसले आणि त्या दिवसापासून माझं नाव 'कोठारातली गाय'.

चूक पूर्णपणे माझी नव्हती. बार्न या शब्दाचा जुना इंग्रजी अर्थ 'जवाचं घर'. इंग्लंडात कापणीच्या दिवसांतही पावसाचा भरवसा नाही, म्हणून पेंढ्या आत आणून रचायच्या आणि झोडपणीही छपराखालीच करायची. म्हणजे आपलं खळं आणि कोठार एकाच छताखाली. गुरांची जागा वेगळी, तिला काउशेड म्हणतात, उत्तरेकडे बायर. अमेरिकेत गेल्यावर मात्र त्याच इमारतीत खाली गुरं आणि वर माळ्यावर चारा आला. म्हणून अमेरिकी चित्रपटात 'गोठा' चालतो आणि जुन्या इंग्लंडच्या गोष्टीत 'कोठार'. आपल्याकडे अशी इमारत झालीच नाही, कारण दिवाळीनंतर आभाळ कोरडं असतं. खळं शेणाने सारवलं की मळणी उघड्यावर.

गोठा हा शब्द तरी कुठे सगळ्या महाराष्ट्राचा आहे? वऱ्हाडात गुरांचा 'कोठा' असतो. आणि मुंबईत म्हशी 'तबेल्या'त राहतात, जो मुळात घोड्यांचा. गोरेगावच्या आरेत १९४९ पासून म्हशी आहेत, पण तिथे गोठा म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

मग फार्महाऊस?

मुंबईकराचं फार्महाऊस म्हणजे कर्जत किंवा अलिबागचा बंगला, पुढे लॉन, मागे चार आंब्याची कलमं आणि शनिवार-रविवारची पार्टी. इंग्लंड-अमेरिकेत फार्महाऊस म्हणजे शेतकऱ्याचं राहतं घर. बूट चिखलाचे, दारात कुत्रा, पहाटे साडेचारला दिवा लागलेला. 'तो फार्महाऊसमध्ये वाढला' या वाक्याचं तसंच भाषांतर केलंत तर आपल्या प्रेक्षकाला तो बड्या बापाचा पोरगा वाटेल. मी 'शेतावरचं घर' लिहिते.

याला जोडूनच हमखास येणारा प्रश्न: जमीन घेता येईल का? महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून 'शेतकरी' हा आपल्याकडे धंदाही आहे आणि दाखलाही. दादरच्या दहाव्या मजल्यावर राहणारा माणूस सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून शेतकरी असतो, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेला नसतो. इंग्लंडात अशी अट नाही. पैसे असले की कुणीही शेत घेतो. त्यामुळे तिकडचा 'फार्मर' म्हणजे शेती करणारा माणूस, बस.

एकर सगळीकडे सारखाच असतो का? आणि गुंठा परदेशात कसा सांगायचा?

एकर सारखाच: ४३,५६० चौरस फूट, म्हणजे ४० गुंठे. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. इंग्रजांच्या मोजणीची साखळी ६६ फुटांची होती. तिच्या निम्म्याचा चौरस केला की बरोबर गुंठा येतो. मुंबईच्या मापात सांगायचं तर चाळीतल्या दहा बाय बाराच्या नऊ खोल्या म्हणजे एक गुंठा. माझ्या भाच्याला हे सांगितल्यावर गावच्या पाच गुंठ्यांबद्दल त्याचा आदर एकदम वाढला.

सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित लहान. बोलताना लोक दोन्ही एकच धरतात. बिघ्याच्या वाटेला जाऊ नका. तो राज्यागणिक बदलतो आणि कधी कधी जिल्ह्यागणिकही.

मापांच्या मुळाशी गेलं की मजा येते. एकर म्हणजे मुळात बैलजोडी एका दिवसात नांगरेल तेवढी जमीन. जर्मन 'मॉर्गेन' म्हणजे शब्दशः सकाळ: सकाळभरात नांगरून होईल तेवढं रान. इजिप्तचा 'फद्दान' ४,२०० चौरस मीटरचा, एकरापेक्षा थोडा मोठा, आणि त्या शब्दाचा अर्थच बैलजोडी. चीनचा 'मू' साधारण साडेसहा गुंठ्यांचा, जपानचा 'तान' जवळजवळ दहा गुंठ्यांचा. भातखाचरांच्या देशांत मापं लहान राहिली, गव्हाच्या माळरानांवर मोठी. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर मिळायचे आणि तेवढ्याला ते 'क्वार्टर', म्हणजे पाव म्हणतात. पाव! आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग अख्खं कोण कसतं?" अख्खं म्हणजे 'सेक्शन', ६४० एकर.

तिकडचा सामान्य शेतकरी नेमका किती मोठा?

अमेरिकेच्या २०२२ च्या कृषिगणनेत सरासरी शेत ४६३ एकरांचं निघालं. शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं धरलं तर सोळाहून जास्त शिवाजी पार्कं. भारताची सरासरी २०१५-१६ च्या गणनेत १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आत. दोघांनाही एकच शब्द लावायचा म्हणजे होडी आणि जहाज दोन्हींना 'नाव' म्हणण्यासारखं आहे. पण दुसरा शब्द तरी कुठून आणायचा?

फार्म, रँच, स्टेशन, पॅडॉक यांत फरक काय?

फार्मवर पीक असतं, बहुधा थोडी जनावरंही. रँच म्हणजे गुरं चारायचं मोठं रान, शब्द स्पॅनिश. मेक्सिकोत मात्र 'रांचो' अगदी छोट्या शेताला किंवा वस्तीलाही म्हणतात, त्यामुळे स्पॅनिश संवादात रांचो आलं की लगेच टोपीवाले घोडेस्वार डोळ्यांपुढे आणू नका.

ऑस्ट्रेलियात याच चराऊ रानाला 'स्टेशन' म्हणतात. ॲना क्रीक स्टेशन दक्षिण ऑस्ट्रेलियात आहे आणि पंधरा हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. अख्खा रायगड जिल्हा सात हजारांच्या आसपास. आमच्याकडच्या एका नव्या मुलाने त्याचं 'ॲना क्रीक स्थानक' केलं होतं. चार भागांपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि प्रेक्षक बहुधा गाडी कधी येते याची वाट पाहत बसले.

पॅडॉक इंग्लंडात घोड्यांसाठीचा लहान कुरणतुकडा, ऑस्ट्रेलियात कुंपण घातलेलं कुठलंही शेत, मग ते हजार एकरांचं का असेना.

कॉर्न म्हणजे मका, यात तरी शंका नाही ना?

अमेरिकेत नाही. इंग्लंडात कॉर्न म्हणजे त्या भागाचं मुख्य धान्य, बहुतेक ठिकाणी गहू, स्कॉटलंडात ओट. तिथले १८१५ ते १८४६ चे 'कॉर्न लॉज' परदेशी धान्याच्या आयातीवरचे होते. त्यांना मराठीत 'मका कायदे' म्हणणं म्हणजे चौपाटीवर लिंबू-मीठ लावून इतिहास खाणं. 'धान्य कायदे' म्हणा.

इंग्रजीत भाताला एकच शब्द कसा?

राइस म्हणजे रोप, दाणा आणि ताटातला भात, सगळंच. टरफलासकटच्या दाण्यासाठी इंग्रजीने मलय भाषेतून 'पॅडी' उचलला आणि पुढे तोच शब्द खाचरालाही लावला. आपण कोकणात शेतात भात लावतो, भात कापतो, भात झोडतो, मग गिरणीतून तांदूळ आणतो आणि रात्री पुन्हा भात जेवतो. म्हणजे सुरुवात आणि शेवट एकच शब्द, मधला वेगळा. जपानीत तिन्हींना तीन: उभं पीक 'इने', दाणा 'कोमे', शिजवलेला 'गोहान'. गोहान म्हणजे जेवण असाही अर्थ होतो, तेव्हा जपानी आई मुलांना गोहानला हाक मारते तेव्हा 'जेवायला चला' एवढंच लिहा.

'हे' आणि 'स्ट्रॉ' यांत फरक काय?

'हे' म्हणजे खाऊ घालायला मुद्दाम कापून वाळवलेलं गवत. 'स्ट्रॉ' म्हणजे दाणे काढल्यावर उरलेली काडी, जी तिकडे जास्त करून गुरांखाली अंथरतात. आपल्याकडे हीच काडी वैरण असते: भाताचा पेंढा, ज्वारीचा कडबा. सोलापूरकडच्या माणसाला सांगून बघा की तिकडे काडी अंथरायला वापरतात. कडब्याचा भाव ऐकवेल.

ओमानमधल्या मित्राने 'खरीफ बघायला ये' म्हणून बोलावलं. तिकडे शेती आहे?

पीक नव्हे, पाऊस बघायला बोलावलंय. अरबीत खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत. फारसीच्या वाटेने हे शब्द आपल्या महसुलात आले. नीट पाहिलंत तर ही नावं पेरणीची नाहीत, काढणीची आहेत. शरदात हाती येतं ते खरीप, वसंतात येतं ते रब्बी. ओमानच्या सलालाहमध्ये जून ते सप्टेंबर बारीक झिमझिम असते, डोंगर हिरवे होतात, आणि त्या दिवसांनाच खरीफ म्हणतात. आखाती लोक लांबून ते बघायला येतात. हिंदमाताच्या पाण्यातून चालत ऑफिस गाठणाऱ्याने त्यासाठी तिकीट काढावं का, हे तुम्ही ठरवा.

पाकिस्तानात आपल्यासारखंच खरीफ आणि रबी. बांगलादेशात भाताचेच तीन हंगाम: आउश, आमन, बोरो. श्रीलंकेत महा आणि यला. ऑस्ट्रेलियात गहू हिवाळी पीकच, पण पेरणी साधारण एप्रिल ते जूनमध्ये आणि काढणी वर्षअखेरीला. 'रब्बी' लिहून पुढे 'जून' लिहिलंत तर मराठी शेतकरी पुस्तिका तिथेच मिटेल. महिने लिहा, हंगाम कंसात टाका.

जाता जाता: ओमानी माणूस 'वादी' म्हणतो ती कोरडी नदी किंवा दरी. आपली नारळी-पोफळीची वाडी नव्हे. तिथे नारळ शोधू नका.

बटई, अर्धेली, कूळ आणि टेनंट हे सगळं एकच का?

मुळीच नाही, आणि या एका उत्तरावर मी दिवसभर बोलू शकते.

जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे, पीक निम्मं-निम्मं, ही अर्धेली, विदर्भ-मराठवाड्यात बटई. फ्रान्समध्ये हीच पद्धत 'मेतेयाज', इटलीत 'मेद्झाद्रिया', आणि दोन्ही शब्दांच्या पोटात 'अर्धा' बसलेला आहे. आपल्या कुणब्याने आणि टस्कनीच्या शेतकऱ्याने एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण मालकापुढे खळ्यावर रास मोजताना दोघांच्या तोंडी तोच शब्द. बंगालात १९४६ मध्ये बर्गादारांनी निम्मं नको, दोन तृतीयांश द्या म्हणून लढा दिला. त्याचं नाव 'तेभागा', तीन भाग. हिशेबच चळवळीचं नाव झाला.

अमेरिकेच्या दक्षिणेत १८६५ नंतर गुलामगिरी संपली आणि शेअरक्रॉपर आला. जमीन, बियाणं, खेचर मालकाचं, दुकानाची उधारीही बहुधा त्याच्याचकडे, आणि वर्षअखेरीला हिशेब बहुतेक वेळा उणे. इथे नुसतं 'वाटेकरी' लिहिलं तर दोन भावांनी मिळून केलेल्या शेतीसारखं वाटतं. मी 'बटईदार' लिहिते आणि उधारीचा उल्लेख जवळच्या वाक्यात येईल असं बघते.

कूळ वेगळं. कूळ म्हणजे हक्क असलेला कसणारा. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसत असलेली कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. माझ्या आजोबांच्या भावाचं नाव तसं लागलं. आजोबा मात्र गिरणीत होते, म्हणून राहून गेलं. घरात त्यावर अजून कधीतरी आवाज चढतो.

आणि इंग्लंडचा 'टेनंट फार्मर'? तो पाचशे एकर भाड्याने कसणारा, स्वतःचे ट्रॅक्टर असलेला, मुलं चांगल्या शाळेत घातलेला गृहस्थ असू शकतो. त्याला कूळ म्हटलंत की वाचक त्याच्या अंगावर फाटकी बंडी चढवतो. 'खंडाने शेती करणारा' म्हणा.

सालगड्याला परदेशी शब्द आहे का?

शब्दापेक्षा तारीख जुळते. आपल्याकडे सालगड्याचं वर्ष पाडव्याला बदलतं, खानदेशात सालदाराचं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. इंग्लंडात गडी ठरवायच्या जत्राच भरायच्या, बऱ्याच ठिकाणी २९ सप्टेंबरच्या मायकेलमसच्या सुमाराला. धनगर आला तर हातात लोकरीचा झुबका, गाडीवान आला तर चाबकाची दोरी, म्हणजे कोण कशात तरबेज ते लांबूनच कळावं. आपल्या नाक्यावर सकाळी थापी आणि रंगाचा ब्रश घेऊन उभे असतात तसंच.

बफेलो म्हणजे म्हैस?

अमेरिकेच्या माळावर असेल तर नाही, तो बायसन, गवा म्हणा फार तर. इटलीत असेल तर हो, आपल्यासारखीच म्हैस, आणि खरं मोझरेला चीज तिच्याच दुधाचं. बुलॉक म्हटलं की आपण बैल समजतो, पण आजच्या इंग्लंडात तो मांसासाठी वाढवलेला खच्ची गोऱ्हा. औताचा बैल हवा असेल तर इंग्रजीत 'ऑक्स'. उलट बाजूने आपली श्रीमंती बघा: कालवड, गोऱ्हा, वळू, पारडू, वगार, रेडा. वगारीला, म्हणजे म्हशीच्या मादी पारडाला, इंग्रजीत एका शब्दात कसं म्हणायचं, ते मला आजवर जमलेलं नाही.

ज्याला परदेशी शब्दच नाही असा मराठी शब्द कोणता?

लोक 'वाफसा' सांगतात. पाऊस उघडल्यावर जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, औत चालेल, बी रुजेल, ती अवस्था. आत्या मूठभर माती उचलते, दाबून लाडू करते आणि कमरेच्या उंचीवरून सोडते. लाडू तसाच राहिला तर अजून दोन दिवस थांबा. फुटून पसरला तर वाफसा आला. मुठीत वळलाच नाही तर उशीर झाला.

इंग्रजीत यासाठी अख्खं वाक्य लागतं हे खरं. पण पंजाबीत, सीमेच्या दोन्ही बाजूंना, 'वत्तर' आहे. स्पॅनिशमध्ये 'तेंपेरो' आहे, नेमका याच अर्थाचा. स्पॅनिशमध्ये जिरायत-बागायतलाही जोडी आहे, 'सेकानो' आणि 'रेगादियो'. पाण्याची वाट बघावी लागणाऱ्या देशांत असे शब्द तयार होतात, असा माझा कयास. लंडनच्या हवेत वाफसा कुणाला हवा आहे?

राब भाजणं परदेशात कुणाला कळेल का?

झांबियातल्या बेंबा लोकांना लगेच कळेल. आपण झाडाच्या फांद्या छाटून, पालापाचोळा आणून रोपाच्या जागेवर रचतो, पेटवतो आणि त्या राखेत भात किंवा नाचणी पेरतो. त्यांच्या 'चितेमेने' पद्धतीतही मोठ्या जागेतल्या फांद्या तोडून मधल्या छोट्या तुकड्यावर रचतात, जाळतात आणि पेरतात, आणि तेही नाचणीच. फरक इतकाच की आपलं राबातलं रोप उपटून दुसरीकडे लावतात, त्यांचं तिथेच वाढतं. त्यांच्यावरची फीत बघताना मी आवाज बंद करून फोनवर आत्याला चित्र दाखवलं. ती म्हणाली, "हे आपल्याकडचं कुठलं गाव?"

नाचणीचं नाव मात्र घाट ओलांडला की बदलतं. नाशिकच्या डोंगरात नागली, कर्नाटकात रागी, पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीत 'विंबी'.

क्विंटल, बुशेल, गाठ, खंडी: हिशेब कसा घालायचा?

क्विंटल म्हणजे १०० किलो, सरळ. बुशेल हे मुळात आपल्या पायलीसारखं भरून मोजायचं माप, म्हणून त्याचं वजन धान्यागणिक बदलतं: गव्हाचं ६० पौंड, मक्याचं ५६. कापसाची भारतीय गाठ १७० किलोची, अमेरिकी ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोची. गाठींचे आकडे थेट शेजारी ठेवून कोण जास्त पिकवतं हे ठरवू नका. रुईचा भाव आपल्याकडे आजही खंडीवर बोलला जातो, सुमारे ३५६ किलोंची. हार्बर लाइनवर 'कॉटन ग्रीन' आल्यावर खिडकीतून कापूस दिसत नाही, पण मुंबईची खंडी बाजारात अजून जिवंत आहे.

'गावाला गेलोय' हे परदेशी माणसाला कसं सांगू?

इंग्रजाला 'व्हिलेज'ला गेलो म्हटलं तर तो म्हणेल, सहलीला का? अमेरिकेत तर बऱ्याच भागांत आपल्यासारखं गावठाणच नाही. घर ज्याच्या त्याच्या शेतात, शेजारी मैलावर. पांढरी (वस्तीची जागा) वेगळी आणि काळी (कसायची जमीन) वेगळी हे त्यांना नकाशा काढून दाखवावं लागतं.

आशियात मात्र सांगावं लागत नाही. मनिलाचा माणूस 'प्रोबिन्स्या'ला जातो. इंडोनेशियात ईदला शहरंच्या शहरं गावी निघतात, त्याला 'मुदिक' म्हणतात आणि मूळ शब्दाचा अर्थ नदीच्या वरच्या अंगाला. जकार्ताच्या स्टेशनवरची ती गर्दी मी सबटायटल करत होते आणि मला गणपतीआधीचं दादर दिसत होतं: डोक्यावर खोके, कडेवर पोर, खिडकीतून आत ढकललेली पिशवी. 'मुदिकला निघालेले लोक' याला मी 'चाकरमानी' लिहिलं. तपासणाऱ्याने लाल खूण केली, मी ती परत काढली.

सुट्टीच्या अर्जावर मी 'नेटिव्ह' लिहिते. हा शब्द अशा अर्थाने इंग्लंडात चालत नाही, पण आमचे साहेब चिपळूणचे आहेत.